चार लिव्हर आणि एक पंप

गाडी बघायला येणारा प्रत्येक जण मामाला दोन प्रश्न विचारतो. पहिला, "अ‍ॅव्हरेज किती देते?" त्याला मामाचं उत्तर ठरलेलं: "पेट्रोलचं विचारताय की ऑइलचं?" दुसरा प्रश्न, "एवढे लिव्हर कशाला?" इथे मात्र मामा चष्मा पुसतो, स्टूल पुढे ओढतो आणि समोरच्याचा निदान अर्धा तास गेला म्हणून समजा. हा अर्धा तास मी गेल्या चार वर्षांत इतक्या वेळा ऐकलाय की आता मीच सांगू शकते. मामापेक्षा थोडं कमी भांडत.

गाडी म्हणजे १९१८ ची ट्रायम्फ मोटरसायकल, मॉडेल एच. मालक दादर पारशी कॉलनीतले एक वयस्कर गृहस्थ, मामा त्यांना शेठ म्हणतो. रे रोडला मामाच्या गाळ्यात गाडी आली तेव्हा अर्धी गोणपाटात होती आणि अर्धी तेलाच्या तीन रिकाम्या डब्यांत. मामा परळच्या रेल्वे वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेला. त्याने डबे उलटे केले, नट-बोल्ट जुन्या साडीवर पसरले आणि म्हणाला, "हे सगळं इंची आहे. माझ्या जमान्यातलं." मापं तो अजूनही सुतात सांगतो: पाव इंच म्हणजे दोन सूत, अर्धा इंच म्हणजे चार. शंभरेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजी आट्यांशी त्याचं लगेच जमलं ते त्यामुळेच. मिलिमीटरवर वाढलेल्या पोरांना इथे पानाच लागत नाही.

ट्रायम्फ हा कारखाना इंग्लंडच्या कोव्हेंट्रीचा, पण तो काढला न्युरेम्बर्गहून आलेल्या सिगफ्रीड बेटमन नावाच्या जर्मन माणसाने. आधी सायकली. मग १९०२ मध्ये सायकलच्याच सांगाड्यात बेल्जियमचं मिनर्व्हा इंजिन अडकवून पहिली मोटरसायकल. पुढे बेटमन कोव्हेंट्रीचा महापौर झाला, आणि त्याच्याच कारकिर्दीत पहिलं महायुद्ध पेटलं. मॉडेल एच आली १९१५ मध्ये. युद्धात ३० हजारांच्या आसपास गाड्या दोस्त राष्ट्रांच्या फौजांकडे गेल्या. काम काय, तर निरोप्यांनी कागद घेऊन चिखलातून पळायचं. तोवरच्या ट्रायम्फना सायकलसारखी पेडलं असायची, चढ आला की मारायला. हिला नाहीत.

आता इंजिन. सिलिंडर आतून ८५ मिलिमीटर रुंद, आणि त्यात पिस्टन ९७ मिलिमीटर वरखाली जातो. हिशेब केला तर ५५० सीसी होतात. गाळ्याबाहेर मामाची स्प्लेंडर उभी असते, तिचं इंजिन ९७.२ सीसी, म्हणजे ट्रायम्फच्या एका घासात स्प्लेंडरचे साडेपाच घास. तरी स्प्लेंडर ८ हॉर्सपॉवरच्या जवळपास देते आणि ट्रायम्फच्या नावापुढे लिहिलंय ४. हे ४ म्हणजे नुसतं आकारावरून लावलेलं लेबल होतं, खरी ताकद त्याहून बरी भरते. पण एवढ्या मोठ्या पोटाच्या मानाने कमीच. असं का?

एक तर दाब. इंजिनाची चारही कामं मामा चार शब्दांत सांगतो: ओढ, दाब, भडका, धूर. पिस्टन खाली जाताना पेट्रोल-हवेचं मिश्रण ओढतो, वर येताना ते दाबतो, ठिणगी पडते, भडक्याने पिस्टन खाली फेकला जातो, आणि पुन्हा वर येताना धूर बाहेर ढकलतो. यातलं "दाब" जितकं घट्ट, तितकी त्याच पेट्रोलमधून जास्त ताकद. स्प्लेंडर मिश्रणाला १० पट दाबते. ट्रायम्फच्या काळात चार-साडेचार पटीवर थांबावं लागे, कारण तेव्हाचं पेट्रोल जास्त दाबलं की ठिणगीची वाट न बघता स्वतःच पेटायचं आणि इंजिन आतून हातोडे मारल्यासारखं ठोकायचं. ते ठोकणं थांबवणारं शिशाचं औषध १९२१ च्या शेवटी अमेरिकेत थॉमस मिजलीला सापडलं. (पुढे त्या शिशाने जगभरच्या हवेचं काय केलं, तो वेगळा आणि वाईट विषय आहे.)

दुसरं म्हणजे फेऱ्या. पिस्टन ओतीव लोखंडाचा, जड. तो तळाशी आणि माथ्याशी दर वेळी थांबवून उलटा फिरवायचा. मिनिटाला दोन-अडीच हजार फेऱ्यांच्या पुढे हा खेळ अंगाशी येतो. स्प्लेंडर हलक्या अ‍ॅल्युमिनियमच्या पिस्टनवर ८ हजारांपर्यंत जाते. लहान घास, पण भराभर.

आणि तिसरं, श्वास. आज व्हॉल्व्ह पिस्टनच्या डोक्यावर असतात. इथे ते सिलिंडरच्या बगलेत शेजारी-शेजारी, तोंड वर करून बसलेत. मिश्रणाला आधी बगलेतून वर यायचं, मग आडवं वळून पिस्टनवर जायचं, अशी वाकडी वाट. पण याचा फायदाही होता. त्या काळी व्हॉल्व्हचं पोलाद भरवशाचं नव्हतं, जळायचं, तुटायचं. इथे तुटलेला तुकडा पिस्टनवर पडत नाही. वरचं पितळी बूच फिरवून काढायचं, रस्त्याच्या कडेला बसून नवा व्हॉल्व्ह टाकायचा.

व्हॉल्व्ह नीट बसला की नाही हे मामा कसं तपासतो ते बघण्यासारखं आहे. बारीक पेस्ट लावून व्हॉल्व्ह त्याच्या जागेवर दोन्ही तळव्यांत रवीसारखा फिरवतो. दुपारभर घसघस. मग पुसून सिलिंडर उलटा धरतो आणि व्हॉल्व्हवर वाटीभर रॉकेल ओततो. खाली पांढरा कागद. चहा पिऊन येतो. कागदावर एक थेंब जरी दिसला तरी पुन्हा पेस्ट. त्या दोन व्हॉल्व्हपायी अकरा वेळा चहा झाला.

आता लिव्हर. चार आहेत: पेट्रोलचा, हवेचा, ठिणगीचा आणि व्हॉल्व्ह उचलायचा. शिवाय टाकीत एक हातपंप. मोटरसायकल चालवणं म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर पिळणं, अशी आपली सवय. इथे पिळायला काहीच नाही.

पहिले दोन कार्ब्युरेटरचे. कार्ब्युरेटर समजायला जुना फ्लिटचा पंप आठवा, डासांवर मारायचा तो. दांडा ढकलला की हवा नळीच्या तोंडावरून जोरात जाते, तिथला दाब कमी होतो, आणि डबीतलं औषध नळीतून आपसूक वर येऊन फवारा होतो. इथे हवा ओढतो पिस्टन आणि डबीत पेट्रोल. बास, एवढंच. अडचण प्रमाणाची आहे. एक ग्रॅम पेट्रोल पुरतं जळायला साधारण १५ ग्रॅम हवा लागते. गाडी हळू असताना, जोरात असताना, गार असताना, चढावर, हे प्रमाण साधं भोक कायम राखू शकत नाही. आजच्या गाडीत ते काम सेन्सर आणि एक छोटा कॉम्प्युटर करतो. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ चे नियम आल्यापासून तर स्प्लेंडरमध्येही कार्ब्युरेटर उरला नाही, इंजेक्शन आलं. ट्रायम्फमध्ये ते काम तुमचा अंगठा करतो. एका लिव्हरने मिश्रण किती जायचं ते ठरवायचं, दुसऱ्याने त्यात हवा किती ते. हवा जास्त झाली तर कार्ब्युरेटर शिंकतो, कमी झाली तर धूर काळा आणि आवाज भरल्या घशासारखा. रस्त्याला जरासा चढ लागला तरी दोन्ही पुन्हा जुळवायचे. तबल्याचा सूर लावल्यासारखं, फक्त मैफल संपेपर्यंत लावतच राहायचं.

तिसरा लिव्हर ठिणगीचा. या गाडीतलं सगळ्यात सुंदर यंत्र त्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. मॅग्नेटो.

या गाडीत बॅटरी नाही. तरी मिनिटाला हजार वेळा ठिणगी पडते, तीही काही हजार व्होल्टची. कशी? सायकलचा डायनमो माहीत आहे ना, चुंबकाजवळ तारेचं वेटोळं फिरलं की वीज तयार होते. इथे नालेच्या आकाराच्या मोठ्या चुंबकाच्या पायांमध्ये तारेचं वेटोळं फिरतं. पण डायनमोची वीज दिवा लावते, ठिणगी पाडत नाही. हवेतून उडी मारायला जो जोर हवा, तो तिच्यात नसतो.

तो कुठून येतो ते सांगायला मामा गाळ्यातल्या नळाकडे जातो. नळ पूर्ण सोडतो आणि खटकन बंद करतो. भिंतीतला पाइप "ठक्‌" असा वाजतो. जुन्या चाळीत राहिलेल्या प्रत्येकाने हा आवाज ऐकलाय. पाणी जोरात वाहत असतं, एकदम अडवलं तर त्याचा सगळा जोर पाइपवर आदळतो, आणि तो दाब नळाच्या नेहमीच्या दाबाच्या कितीतरी पट असतो. विजेचंही तसंच. वेटोळ्यात जाड तारेचे थोडे वेढे, आणि त्यांच्यावर केसासारख्या बारीक तारेचे हजारो. जाड तारेतली वीज ऐन भरात असताना एक चिमुकला कॉन्टॅक्ट खटकन उघडतो. हाच बंद केलेला नळ. त्या धक्क्याने बारीक तारेत काही हजार व्होल्ट उसळतात आणि प्लगच्या टोकाला उडी मारतात. कॉन्टॅक्ट उघडतो तो किती? १२ थाऊ, म्हणजे इंचाचे १२ हजारांश, मिलिमीटरचा तिसरा हिस्साही नाही. मामा तो फीलर गेजच्या पात्याने बघतो, श्वास रोखून.

हा उच्च दाबाचा मॅग्नेटो १९०२ मध्ये जर्मनीत बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्डने तयार केला, आणि तो इतका चांगला निघाला की इंग्रजी गाड्याही त्याच्यावरच चालू लागल्या. १९१४ मध्ये युद्ध सुरू झालं आणि पंचाईत झाली: गाड्या इंग्रज, ठिणगी जर्मन. मग इंग्रजांना स्वतःचे मॅग्नेटो घाईघाईने बनवायला शिकावं लागलं.

मला या यंत्रातली सगळ्यात आवडणारी गोष्ट मात्र जर्मनही नाही आणि इंग्रजही नाही. त्या हजारो वेढ्यांत वीज एका वेढ्यातून दुसऱ्यात घुसू नये म्हणून वर लेप लागतो. तो लेप लाखेचा. लाख येते आपल्याकडच्या पळस-कुसुंबाच्या फांद्यांवरच्या किड्यांपासून, आणि तेव्हा जगाला ती प्रामुख्याने हिंदुस्थानच पुरवत असे. त्याच मॅग्नेटोच्या कंडेन्सरमध्ये, म्हणजे कॉन्टॅक्टवरच ठिणगी उडू नये म्हणून वीज क्षणभर साठवणाऱ्या भागात, अभ्रकाचे पापुद्रे, आणि अभ्रकासाठी आपलं कोडर्मा जगात प्रसिद्ध. थोडक्यात, आपल्याकडच्या झाडावरची आणि खाणीतली वस्तू बोटीने विलायतेला गेली आणि मोटरसायकल होऊन परत आली. शंभर वर्षांनी त्याच लाखेने मामाचा घाम काढला. जुनी लाख उष्णतेने मऊ होते, फुगते, बाहेर येऊन डिंकासारखी चिकटते. आमच्या मॅग्नेटोचं वेटोळं त्या काळ्या गुळात इतकं रुतलं होतं की फिरतच नव्हतं. वेढे नव्याने गुंडाळावे लागले. लेप आता लाखेचा नाही, आधुनिक रेझिनचा आहे. कंडेन्सरही बदलला. तो गेला की गाडीची एक खास खोड असते: गार असताना एका किकमध्ये सुरू, तापली की शंभर मारा, ढिम्म. नवा कंडेन्सर शेंगदाण्याएवढा आहे आणि जुन्याच घरात लपवलाय. शेठ जरा नाराज होते, "ओरिजिनल नाही राहिली." मामा म्हणाला, "शेठ, ओरिजिनल ढकलायची असेल तर तसं सांगा."

आणि आता ठिणगीची वेळ. इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो, म्हणून आकडे घेऊ. मिश्रण ठिणगी पडताक्षणी पूर्ण पेटत नाही, आग पसरायला वेळ लागतो. उदाहरणापुरते ३ मिलिसेकंद धरा. इंजिन मिनिटाला २ हजार फेऱ्यांवर असेल तर तेवढ्या वेळात ते ३६ अंश फिरतं. म्हणजे पिस्टन अगदी माथ्यावर असताना ठिणगी टाकली, तर आग भरात येईपर्यंत तो खाली निघालेला असेल आणि भडक्याचा बराच जोर वाया. म्हणून ठिणगी आधीच टाकायची, पिस्टन वर येत असतानाच. पण किक मारताना इंजिन फिरतं फार हळू, समजा मिनिटाला २०० फेऱ्या. मग त्याच ३ मिलिसेकंदांत जेमतेम साडेतीन अंश. तेव्हा ठिणगी लवकर टाकली, तर पिस्टन अजून वर येतोय आणि भडका तयार! तो पिस्टनला उलट खाली ढकलतो. इंजिन उलटं फिरतं आणि किकचा दांडा नडगीवर येतो.

झोपाळ्याचं बघा. झोका वर येऊन परतायच्या क्षणी ढकललं तर झोका वाढतो. तो अजून आपल्याकडे येतोय आणि आपण हात पुढे केला तर मनगट मुरगळतं. जोर तोच, वेळ चुकली.

म्हणून ठिणगीचा लिव्हर: सुरू करताना मागे, वेग आला की पुढे, चढावर दम लागला की पुन्हा जरा मागे. आजच्या गाडीत हे सगळं न सांगता होतं. आपल्याला पत्ताही नसतो की दर क्षणाला कुणीतरी ही आकडेमोड करतंय.

चौथा लिव्हर सोपा. ५५० सीसीचा सिलिंडर दाबायला पायात बळ लागतं. हा लिव्हर धुराचा व्हॉल्व्ह थोडा उचलून धरतो, दाब निसटतो, इंजिन हलकं फिरतं. फिरायला लागलं की सोडून द्यायचा. गाडी बंद करायलाही हाच.

आणि पंप. मामाचा तो "ऑइलचं की पेट्रोलचं" विनोद इथला आहे. आजच्या इंजिनात तेल फिरत राहतं: खालून पंपाने वर, वरून गळून खाली, पुन्हा वर. ट्रायम्फमध्ये तेल टाकीच्या एका कप्प्यातून इंजिनात जातं आणि परत येत नाही. थोडं जळतं, थोडं सांध्यांतून झिरपतं, बाकी रस्त्याला वाहिलं. दर दहा-बारा किलोमीटरला हाताने एक पंप मारायचा. विसरलात तर इंजिन धरतं, पिस्टन आतच अडकून बसतो. जास्त मारलात तर प्लग तेलाने माखतो, आणि मागच्या माणसाला धुरामुळे तुम्ही दिसेनासे होता. युद्धात विमानांच्या इंजिनांना एरंडेल तेल लागायचं, पेट्रोलने ते पातळ होत नसे म्हणून. कॅस्ट्रॉल हे नावही तिथूनच आलं, कॅस्टर म्हणजे एरंडी. मामा मात्र साधं घट्ट मिनरल ऑइल वापरतो. एरंडेल काही दिवसांनी आत चिकट वार्निश होऊन बसतं, आणि त्याच्या मते एका गाडीत एकदा लाख काढली तेवढी पुरे.

इंजिनातली ताकद गिअरबॉक्सपर्यंत साखळीने जाते. गिअरबॉक्स स्टर्मी-आर्चरचा, तीन गिअर, टाकीजवळच्या दांड्याने हाताने टाकायचे. तिथून मागच्या चाकापर्यंत मात्र पट्टा. हो, रबर-कापडाचा पट्टा, पिठाच्या गिरणीत असतो त्याच्या जातीचा. मामाचे वडील, म्हणजे माझे आजोबा, लालबागला गिरणीत होते. एका लांब शाफ्टवरून शेकडो मागांना पट्टे गेलेले असत, आणि पट्टा सुटला की काय होतं याच्या गोष्टी घरात अजून सांगतात. पट्टा धक्के पचवतो, आवाज करत नाही, तेल मागत नाही. त्या काळची साखळी यातलं एकही करत नव्हती. पट्टा घसरतो, एवढाच त्याचा दोष.

गिरणीचा पट्टा सपाट असतो, गाडीचा पाचरीसारखा निमुळता, व्ही आकाराचा. पाचर खाचेत ओढली जाते तशी दोन्ही बाजूंनी आवळली जाते आणि पकड वाढते. किती वाढते ते पाचरीच्या कोनावर. ट्रायम्फच्या काळचा कोन २८ अंशांचा. त्या कोनाला सपाट पट्ट्याच्या साधारण चौपट पकड मिळते. आज कारखान्यांत जो व्ही-बेल्ट मिळतो तो ४० अंशांचा असतो, पकड तिप्पट. मी मोठ्या उत्साहाने नागदेवीला गेले, चार दुकानं पालथी घालून रुंदीला बरोबर बसेल असा पट्टा आणला. मामाने तो खाचेवर ठेवला. वरच्या दोन कडांवर टेकला आणि तसाच बसून राहिला, मोठ्या माणसाने लहान मुलाच्या खुर्चीत बसावं तसा. "अगं, कोन मोजलास का?" शेवटी २८ अंशांचा पट्टा शेठनी इंग्लंडहून मागवला. माझा अजून खिळ्याला लटकतोय.

पावसात मात्र कुठलाही कोन असो, ओला पट्टा गरगर फिरतो आणि चाक जागेवर. जून ते सप्टेंबर ही गाडी गाळ्याबाहेर निघत नाही, टाकीही कोरडी करून ठेवतात. हल्ली पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि आपल्या पावसाळ्यात ओलाव्याला काय तोटा. शिवाय जुने मिस्तरी पेट्रोलच्या नळाचे सांधे लाखेने बंद करत. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, हे लाकडाला पॉलिश करणाऱ्या कुठल्याही सुताराला विचारा. इथेनॉल म्हणजे स्पिरिटच. पहिल्या वर्षी टाकी भरली तर सकाळी लादीवर तांबूस थारोळं.

ब्रेकबद्दल थोडक्यात बोललेलं बरं. पुढे सायकलसारखे रिमवर घासणारे ठोकळे, मागे पट्ट्याच्या खाचेत दाबला जाणारा एक ठोकळा. थांबायचा विचार आदल्या सिग्नलला करावा लागतो. पुढचा फोर्क वरखाली न होता पुढे-मागे झुलतो, वर एक आडवी स्प्रिंग आहे. ती तुटायची, म्हणून फौजी निरोपे तिच्याभोवती चामड्याचा पट्टा आवळून ठेवायचे. शेठनीही हौसेने आवळलाय. आणि दिवा कार्बाइडचा: खालच्या डबीत कार्बाइडचे खडे, वरून पाण्याचे थेंब, होणारा गॅस पेटवायचा. आंबे पिकवायला चोरून वापरतात तोच खडा, आणि वासही तोच, सडक्या लसणासारखा. मामाला त्या वासाने लहानपणच्या जत्रेतल्या हातगाड्या आठवतात.

जुनी गाडी उभी करताना सगळ्यात अवघड काय, तर हात आवरणं. ही गाडी आमच्याकडे यायच्या आधी कुणीतरी हँडलला झगझगीत क्रोम मारून दिलं होतं. दिसायला झकास, पण क्रोमचा मुलामा बाजारात आला १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात. १९१८ ला असायचं निकेल, किंचित पिवळसर, चांदीच्या जुन्या ताटासारखं. सगळं क्रोम उतरवून निकेल केलं. टाकीवरच्या बारीक रेघा स्टिकरने मारायचा मोह मलाही झाला होता. मामाने गिरगावातून एक म्हातारे पेंटर शोधून आणले, पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवणारे. लांब केसांचा कुंचला, करंगळी टाकीच्या कडेला टेकवलेली, आणि श्वास सोडता सोडता एका दमात रेघ. नीट बघितलं तर उजवीकडची एक रेघ टोकाला केसभर जाड आहे. ती तशीच ठेवलीये.

कागदोपत्री काम शेठनी बघितलं. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी २०२१ पासून वेगळी नोंदणी आहे, नंबरात व्हीए अक्षरं येतात. रोजच्या वापराला परवानगी नाही. तशी कुणाची छातीही नाही.

गेल्या जानेवारीत एका रविवारी सकाळी सात वाजता आम्ही तिला बॅलार्ड इस्टेटला नेली, टेम्पोतून. रविवारी तिथे चिटपाखरू नसतं. जॉर्ज विटेटने आखलेल्या त्या दगडी इमारती १९१४ ते १९१८ या काळात उभ्या राहिल्या, म्हणजे ट्रायम्फच्या बरोबरीच्या. मामाने सुरुवातीचं सगळं केलं: नळ उघडला, हवा बंद, ठिणगी मागे, व्हॉल्व्ह उचलून दोनदा पाय फिरवला, मग किक. तिसऱ्याला पेटली. आवाज आजच्या गाड्यांसारखा सलग नाही, एकेक ठोका मोजता येतो. मधल्या शांततेत आता पुढचा येतो की नाही असं वाटतं, आणि तो येतो.

मामाने दोन फेऱ्या मारल्या, शेठनी एक. मग शेठ म्हणाले, "दीकरी, तू बी जा नी." चार वर्षं ऐकलेला अर्धा तास डोक्यात आणि समोर रिकामा रस्ता. पहिले शंभर मीटर मी नुसते लिव्हर बघत होते. मग कार्ब्युरेटर शिंकला, मी हवा जरा कमी केली, आवाज भरला, ठिणगी पुढे नेली आणि गाडीने एकदम मान खाली घालून पळायला सुरुवात केली. वळणावर मामा ओरडला, "पंप!" मी पंप मारला. मागे निळा धूर, पट्ट्याची बारीक सळसळ. दुसऱ्या वळणाला माझा अंगठा मला न विचारता हलला, हे मला नंतर कळलं.

परत येऊन व्हॉल्व्ह उचलला, गाडी बंद केली, स्टँडवर लावली. सगळं बरोबर केल्याच्या आनंदात मी शेठना सांगत होते की मला ती मागच्या जन्मीची ओळखीची वाटली, वगैरे. एक सायकलवाला पाववाला थांबून बघत होता. त्याने विचारलं, चालू करून दाखवता का? मामाने मान डोलावली. पँटचा पाय जरा वर ओढला.

ठिणगीचा लिव्हर मी पुढेच ठेवला होता, हे मला तेव्हा आठवलं. मी "मामा—" म्हणेपर्यंत त्याने किक मारली होती.